हैदराबाद राज्याचे मंत्रिमंडळ (१९५२–५६)

हैदराबाद राज्याचे मंत्रिमंडळ : प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या विधानसभेस जबाबदार असलेले पूर्वीच्या हैदराबाद राज्याचे पहिले व अखेरचे मंत्रिमंडळ (६ मार्च १९५२–३१ ऑक्टोबर १९५६). मुख्यमंत्री बुर्गुला रामकृष्णराव. हे मंत्रिमंडळ सर्वस्वी काँग्रेस पक्षाचे होते. औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर), बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद (विद्यमान धाराशिव) या पाच मराठी जिल्ह्यांना लोकनियुक्त शासनात प्रथम स्थान मिळाले, ते या मंत्रिमंडळामुळे.

पूर्वपीठिका : निजाम मीर उस्मान अली खान याने १९१९ मध्ये कार्यकारी मंडळ (बाब-ए-हुकूमत) स्थापन केले. त्याचे सभासद निजाम नेमीत असे व ते त्यालाच जबाबदार असत. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणाऱ्या स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये बंदी घालण्यात आली. ती १९४६ मध्ये उठली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर मीर लायक अली याचे मंत्रिमंडळ संपुष्टात येऊन जनरल जे. एन. चौधरी यांचे लष्करी शासन आले. २६ जानेवारी १९५० रोजी निजाम राजप्रमुख झाला व सनदी अधिकारी एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी रामकृष्णराव, फुलचंद गांधी इ. काँग्रेसजनांना मंत्रिमंडळात घेण्यात आले; तथापि ते नियुक्त होते, निर्वाचित नव्हते.

रचना : १९५२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३, पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटला ४२, समाजवादी पक्षास ११, शेतकरी कामगार पक्षास १०, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला ५ व अपक्षांना १४ जागा मिळाल्या. बहुमतास ८८ सभासद आवश्यक होते. म्हणजे काँग्रेसजवळ केवळ पाच अधिक होते. राज्यात त्या वेळी सोळा जिल्हे होते : तेलुगू आठ, मराठी पाच व कानडी तीन. कोणत्याही एका भाषिक गटाने पाठिंबा काढून घेतल्यास शासन कोसळले असते. त्यामुळे पक्ष एकच असूनही खातेवाटपात तिन्ही प्रदेशांचा तोल सांभाळणे अपरिहार्य ठरले. मराठवाड्यातून दिगंबरराव बिंदू (गृह), फुलचंद गांधी व देवीसिंग चौहान मंत्री झाले. तेलंगणातून एम. चेन्ना रेड्डी, के. व्ही. रंगा रेड्डी इ. व कानडी भागातून अण्णाराव गणमुखी व जगन्नाथराव चंडरकी हे होते. आर्य समाजाचे नेते विनायकराव विद्यालंकार आणि निजामाच्या सेवेतील अनुभवी प्रशासक नवाब मेहदी नवाझ जंग यांचाही समावेश होता. मुक्तिलढ्याचे अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ मंत्रिमंडळाबाहेर राहिले व लोकसभेवर गेले. पुढे १९५७ मध्ये ते औरंगाबाद मतदारसंघातून निवडून आले.

अंतर्गत ताण : सप्टेंबर १९५२ मध्ये तेलंगणात बाहेरच्या नोकरवर्गाविरुद्ध मुलकी आंदोलन भडकले. हैदराबाद शहरातील गोळीबारात काही लोक मृत्युमुखी पडले व न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांची चौकशी नेमावी लागली. गृहखाते मराठवाड्यातील मंत्र्याकडे व आंदोलन तेलुगू भागातील, यामुळे प्रादेशिक संशयास धार आली. राज्याच्या भवितव्याविषयीही एकमत नव्हते. स्वामी रामानंद तीर्थांचा गट भाषावार विभाजनाचा आग्रही होता, तर हैदराबादची संमिश्र संस्कृती जपण्यासाठी राज्य अखंड ठेवावे, असे मानणारेही पुष्कळ होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर देवीसिंग चौहान यांची स्वाक्षरी आहे. ज्या राज्याचे ते मंत्री होते, त्यातूनच मराठवाड्यास बाहेर काढून मराठी राज्यात सामील करण्याचा तो करार होता.

विसर्जन व मूल्यमापन : राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यास जोडण्याची शिफारस केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपुष्टात आले. रामकृष्णराव केरळचे राज्यपाल झाले.

ज्यांच्या मतांवर राज्याचे बहुमत उभे होते, त्यांपैकी अनेकांना ते राज्यच नको होते, हा या मंत्रिमंडळाचा मूलभूत अंतर्विरोध होय. एकपक्षीय सत्तेने तो काही काळ झाकला; मिटविला नाही. मराठवाड्याने मात्र भाषिक एकतेसाठी मोठी किंमत मोजली. हैदराबादमध्ये सोळा जिल्ह्यांपैकी पाच त्याचे होते व गृहखाते त्याच्या प्रतिनिधीकडे होते. मुंबईत तो विस्तीर्ण राज्याचा एक अविकसित विभाग ठरला. राज्याचे मुख्यमंत्रिपद मराठवाड्याकडे प्रथम आले ते १९७५ मध्ये, पैठण येथे जन्मलेल्या शंकरराव चव्हाणांच्या रूपाने. नागपूर करारातील निधीच्या न्याय्य वाटपाचे आश्वासन, संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदातील तरतूद व तीनुसार १९९४ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विकास मंडळ यांमागे हीच जाणीव दिसते : सत्तेतील वाटा स्वेच्छेने सोडणाऱ्या प्रदेशास विकासातील वाट्याची हमी मिळावयास हवी.