सापडलेलं नाणं कुणाचं?



मे महिन्यात नातू पुण्याहून आला, तो मेटल डिटेक्टर घेऊन. लांब दांडा आणि खाली ताटलीएवढी चकती. जमिनीत धातू असला की यंत्र कुईकुई करतं. परदेशात लोक बागांमधून जुनी नाणी शोधतात, त्याचे व्हिडिओ पाहून त्याला हा नाद लागलेला. म्हणाला, "आज्जी, टाउन हॉलच्या बागेत जाऊ या. कोल्हापूर एवढं जुनं गाव, काहीतरी मिळेलच!"

म्हटलं, आधी आपल्या परसात फिरव. तासाभरात चार खिळे, सोड्याच्या बाटलीची झाकणं आणि धाकट्या जावेचं कधीतरी हरवलेलं जोडवं मिळालं. जोडवं तिला लगेच दिलं. मग त्याने विचारलं, "नाणं मिळालं असतं तर कुणाला दिलं असतं?" त्या प्रश्नावर मी जरा गप्पच झाले. का, ते पुढे सांगते.

टाउन हॉलला आम्ही गेलो, पण यंत्र घरी ठेवून. बागेत न खणता आतलं संग्रहालय पाहिलं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी कांस्यमूर्ती तिथे आहे. रोमन जगाशी आपल्या गावाचा व्यापार होता, याची ती साक्ष. याच टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातली वस्ती उजेडात आणली. उत्खननात मातीचे थर एकेक करून उतरवतात. कुठल्या थरात कुठलं नाणं मिळालं, यावरून त्या थरातल्या घराचा, चुलीचा, मडक्याचा काळ ठरतो. खुरप्याने भोक पाडून नाणं उपसलं की नाणं हातात राहतं आणि त्याची साक्ष जाते. वहीतून पान फाडून घेतल्यासारखंच ते. आकडा दिसतो, पण कुठल्या खात्यातला ते कळत नाही.

नाण्यांची साक्ष केवढी मोठी असते, त्याचं उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचं आहे. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली होती. मी कॉमर्सची, त्यामुळे मला यातला व्यवहार आधी दिसला. शत्रूचं चलन वितळवून नवं पाडायचं म्हणजे भट्टी, मजुरी, वेळ आणि चांदीची घट. त्यापेक्षा त्यावर आपला ठसा मारला की तेच नाणं आपल्या राज्यात चालतं. गौतमीपुत्राने क्षहरात वंश संपवला, असं त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात आहेच. या नाण्यांनी त्याला दुजोरा दिला.

आणि आपल्या श्वेतांबर बांधवांच्या आवश्यक निर्युक्तीच्या परंपरेत हीच लढाई कथा होऊन आली आहे. भरुकच्छचा राजा नहवाहन खजिन्याने श्रीमंत, पैठणचा शालिवाहन सैन्याने. वेढा घालूनही भरुकच्छ पडेना. तेव्हा शालिवाहनाने आपल्या मंत्र्याला खोटंच हाकलून दिल्याचं सोंग केलं. तो मंत्री नहवाहनाच्या पदरी राहिला आणि त्याला धर्मकार्यात खर्च करायला लावून खजिना रिकामा केला. मग शहर पडलं. जोगळटेंभीची नाणी सापडल्याबरोबर कुणी वितळवली असती, तर या कथेच्या शेजारी ठेवायला एवढा मोठा पुरावा उरला नसता.

आता माझी गोष्ट.

१९८४ साली आमच्या वाड्याच्या माजघराची जमीन उकरली. वाडा आजेसासऱ्यांनी दुसऱ्या एका घराण्याकडून विकत घेतलेला. खणताना गवंड्याच्या हाताखालच्या गड्याची पहार तांब्याच्या लोटीवर आपटली. आत चांदीचे ४२ रुपये. फारसी अक्षरं आणि काहींवर अंकुशाची खूण. नवी सून बी.कॉम. झालेली, म्हणून मामंजींनी मोजायला माझ्यासमोर ठेवले. मीच मोजले, मीच वहीत मांडले. त्या गड्याला नवं धोतर आणि पोटभर जेवण मिळालं. महिन्याभरात सोनाराकडे नाणी वितळली आणि बस्तीसाठी पूजेचा कलश झाला. कलशाची मिरवणूक निघाली, तेव्हा मीही पुढे होते.

कायदा मला तेव्हा ठाऊक नव्हता. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत किंवा घराच्या बांधकामात लपवलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर सापडणाऱ्याने कलेक्टरांना लेखी कळवायचं. खरा मालक पुढे आला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारला हवं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ४२ चे तीन हिस्से, साडेएकतीस रुपये, त्या गड्याच्या नावावर मांडायला हवे होते. वहीत मी त्याचं नावसुद्धा लिहिलं नाही.

अचौर्याणुव्रत सांगताना समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात ठेवलेली, पडलेली आणि विसरलेली अशी तिन्ही परधनं घेतली आहेत. न दिलेलं स्वतः घ्यायचं नाही आणि दुसऱ्याला द्यायचंही नाही. हा दुसरा भाग मी कितीदा ऐकला असेन, पण आमचा कलश मला त्यात कधी दिसला नाही. देवाला दिलं म्हणजे ते आपलं होतं, असं सिद्ध होत नाही.

यंत्रात पाप नाही. इंग्लंडमध्ये १९९२ साली होक्सन गावी एरिक लॉज हे गृहस्थ मित्राचा शेतात हरवलेला हातोडा अशाच यंत्राने शोधत होते. रोमन सोन्या-चांदीची नाणी लागली. काही बाहेर काढून ते थांबले आणि त्यांनी कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी जागेवर येऊन उरलेला साठा रीतसर काढला. पंधरा हजारांच्या आसपास नाणी निघाली. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं, ते लॉज यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. तो हातोडाही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, जुनं घर पाडताना किंवा विहिरीचा गाळ काढताना काही सापडलं, तर चिंचेने घासू नका, सोनाराकडे नेऊ नका. जागेचा फोटो काढा, कुणाच्या हाताला लागलं त्याचं नाव लिहा आणि कलेक्टर कचेरीत अर्ज द्या. आणि सार्वजनिक बागेत मुलांना खणू देऊ नका. ती जागा सगळ्यांची आहे, म्हणजे आपल्या एकट्याची नाही.

तो गडी आता नाही. त्याची सून मंडईत भाजी विकते, तिच्याकडून मी कितीदा मेथी घेतली आहे. साडेएकतीस रुपयांच्या चांदीची आजची किंमत मी काढली आणि तेवढे पैसे बाजूला ठेवले आहेत. नातू म्हणाला, "आज्जी, मी येतो बरोबर." पैसे देणं सोपं आहे. ते कशाचे, हे तिला सांगायचं कसं, तेवढं एक वाक्य अजून जुळत नाही. पर्युषणात क्षमा मागण्याआधी ते जुळवायलाच हवं.