श्वासाला साहाय्य करणाऱ्या उपकरणांचे समायोजन : गडचिरोलीतील अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

झोपेत घशाचा मार्ग मिटून श्वास वारंवार थांबण्याचा विकार स्लीप ॲप्निया या नावाने ओळखला जातो. त्यावर सीपॅप नावाचे यंत्र वापरतात. हे यंत्र मुखवट्यातून सतत हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवते. नवे यंत्र घरी आल्यावर रुग्णापुढे काही व्यावहारिक प्रश्न उभे राहतात. दाब किती ठेवावा, मुखवटा किती आवळावा, हवेत ओलावा किती असावा, हे ठरवावे लागते. हे प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी ज्ञानाचा व अधिकाराचा प्रश्न आहे. श्वास मोजण्याचे व उपकरण जुळवून घेण्याचे कसब कोणाच्या हाती असावे, हा तो प्रश्न होय.

हाच प्रश्न गडचिरोली जिल्ह्यात वेगळ्या संदर्भात आणि अधिक निकडीने उपस्थित झाला होता. तेथे रुग्ण झोपलेला प्रौढ नव्हता, तर न्यूमोनियाने धापा टाकणारे बालक किंवा जन्मताच न रडलेले अर्भक होते. प्रस्तुत लेखात या अनुभवाचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) श्वासाला साहाय्य करणाऱ्या उपकरणांच्या विकासाची पार्श्वभूमी पाहणे.
२) गडचिरोलीत श्वासमोजणी व कृत्रिम श्वास यांसाठी वापरलेल्या साधनांचा परिचय करून देणे.
३) उपकरणाचे समायोजन व ते वापरणाऱ्या व्यक्तीचे ज्ञान यांतील संबंध स्पष्ट करणे.

जागतिक पार्श्वभूमी

१९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांना पुरतील इतकी यंत्रे शहरात नव्हती. तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रबरी पिशव्या हाताने दाबल्या आणि रुग्णांचा श्वास चालू ठेवला. दाब किती द्यावा, किती वेळा द्यावा, हे रुग्णाची छाती व चेहरा पाहून ठरत असे. या अर्थाने समायोजनाचे पहिले साधन माणसाचा हात हेच होते. पुढे १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच हेनिंग रुबेन यांनी आपोआप फुगणारी पिशवी प्रचारात आणली. आज ती अँबू पिशवी या नावाने सर्वपरिचित आहे.

१९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वसनाचा त्रास असलेल्या २० नवजात बालकांना सतत दाबाची हवा दिली. त्यांपैकी १६ बालके वाचली. प्रौढांच्या स्लीप ॲप्नियासाठी हे तत्त्व ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी वापरले. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यासाठी ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका दाब पुरेसा ठरला. आरंभी योग्य दाब शोधण्यासाठी रुग्णाला रात्रभर प्रयोगशाळेत झोपवावे लागे. पुढे श्वासातील अडथळा ओळखून स्वतःच दाब कमी-अधिक करणारी यंत्रे आली. अशा प्रकारे समायोजन हातातून यंत्राकडे सरकत गेले.

गडचिरोलीतील श्वासमोजणी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. घनदाट जंगल, विखुरलेली गावे, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि डॉक्टरांची वानवा ही येथील आरोग्यव्यवस्थेपुढील मोठी आव्हाने होती. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८६ पासून या जिल्ह्यात कामास प्रारंभ केला. बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया असल्याचे तेथे आढळून आले. छाती आत ओढली जाऊन बालकाला धाप लागली की ग्रामीण भागात ‘डब्बा’ झाला असे म्हणत. आजार लोकांच्या परिचयाचा होता. उणीव होती ती वेळीच निदान व औषध मिळण्याची.

न्यूमोनियाच्या निदानात श्वासाची गती निर्णायक असते. दोन महिन्यांहून लहान बालकाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक वेळा चालत असेल, तर तो धोक्याचा इशारा मानतात. परंतु गावातील सुईणी बहुधा निरक्षर होत्या. घड्याळ पाहणे व पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजणे त्यांना अवघड होते. यावर उपाय म्हणून संस्थेने श्वासमापक हे साधे साधन तयार केले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व वेगवेगळ्या वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी होत्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी ओळीतील शेवटचा मणी सरकला, तर बालकाला न्यूमोनिया आहे असे समजायचे.

या साधनाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या रचनेत आहे. वयानुसार बदलणारी मर्यादा मण्यांच्या ओळीतच बसवलेली होती. सुईणीकडून अपेक्षा एवढीच होती की तिने दहापर्यंत मोजावे आणि बालकाच्या पोटावरची नजर ढळू देऊ नये. येथे स्त्रीला साधनाच्या मापात बसवण्यात आले नाही, साधनच तिच्या मोजणीच्या मापाने घडवण्यात आले.

निदानाला उपचाराची जोड होती. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ५८ गावांत लोकशिक्षण करण्यात आले आणि निमवैद्यकीय कर्मचारी, ग्राम आरोग्यसेवक व सुईणी यांच्यामार्फत उपचार देण्यात आले. ४४ गावे तुलनेसाठी होती. उपचार मिळालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले, तर तुलनेच्या क्षेत्रात ते १३.५ टक्के होते.

तोंड, नळी आणि पिशवी

जन्मताच श्वास न घेणाऱ्या अर्भकाचा प्रश्न याहून कठीण होता. येथे मिनिटभर मोजत बसण्यास उसंत नसते. घरी होणाऱ्या बाळंतपणात डॉक्टर पोहोचणे अशक्यप्राय होते. ‘सर्च’च्या ३९ गावांतील नवजात बालसेवेच्या प्रयोगात यासाठी तीन पद्धती क्रमाने वापरल्या गेल्या. प्रथम सुईणी तोंडाने तोंडात श्वास देत. १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यदूत नळी जोडलेला मुखवटा वापरू लागल्या. १९९९ पासून पिशवी व मुखवटा त्यांच्या हाती आला.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार तीव्र श्वासावरोध झालेल्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. श्वासावरोधामुळे होणाऱ्या एकूण मृत्यूंत सुमारे ६५ टक्के घट झाली. नळीपेक्षा पिशवी सरस असल्याचे संकेत मिळाले. मात्र त्या दोहोंतील फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर पूर्णपणे सिद्ध झाला नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. मोठी घट घडून आली ती प्रामुख्याने प्रशिक्षित आरोग्यदूताच्या हाती मुखवटा आल्यावर. म्हणजे उपकरण व ते वापरणारी व्यक्ती यांचे श्रेय वेगळे काढता येत नाही.

समायोजनाचे तीन घटक

पिशवी-मुखवटा व सीपॅप ही दोन टोकांची साधने वाटतात. एका साधनात रुग्णाचा श्वासच दुसऱ्याने द्यावयाचा असतो, तर दुसऱ्यात रुग्ण स्वतः श्वास घेत असतो आणि दाब केवळ मार्ग उघडा ठेवतो. तरीही समायोजनाच्या दृष्टीने तीन घटक दोहोंत समान आहेत.

पहिला घटक मुखवट्याचा. तो चेहऱ्यावर नीट बसला नाही तर हवा बाजूने निसटते आणि आत काहीच पोहोचत नाही. सीपॅप वापरणाऱ्यांनाही दाब वाढवण्याआधी मुखवट्यातील गळती तपासावी लागते. दुसरा घटक दाबाचा. अर्भकाची छाती हलकेच उचलली जाईल एवढाच दाब पिशवीतून द्यावयाचा असतो. अधिक दाबाने कोवळी फुप्फुसे फाटू शकतात, म्हणून पिशवीला जादा दाब सोडून देणारी झडप असते. सीपॅपमध्येही कमी दाबाने घसा मिटतो, तर जादा दाबाने हवा पोटात जाऊन रुग्ण यंत्र काढून ठेवतो. तिसरा घटक लयीचा. पिशवी मिनिटाला सुमारे चाळीस वेळा दाबायची असते. सीपॅपमध्ये दाब सावकाश चढवण्याची सोय रुग्णाला झोप लागू देण्यासाठी असते.

फरक एवढाच की सीपॅपमध्ये हे घटक पडद्यावरील आकड्यांत दिसतात, तर आरोग्यदूताच्या बाबतीत ते तिच्या बोटांत व नजरेत असतात. बाहुलीवर पुनःपुन्हा सराव केल्यावाचून ते तेथे येत नाहीत आणि सराव सुटला की टिकतही नाहीत.

मर्यादा

हा अनुभव जसाच्या तसा प्रत्येक यंत्राला लागू करता येणार नाही. सीपॅपला अखंड वीज, स्वच्छ पाणी व सुटे भाग लागतात. त्याचा योग्य दाब तपासणीनंतर वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावा लागतो. शिवाय गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि सिकलसेलग्रस्त मुलांत झोपेतील श्वासविकार अधिक आढळतात, हे वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यामुळे स्लीप ॲप्निया हा केवळ शहरी, स्थूल प्रौढांचा आजार मानून हा जिल्हा विचारातून वगळणे योग्य ठरणार नाही.

निष्कर्ष

१) श्वासाला साहाय्य करणाऱ्या उपकरणांच्या इतिहासात समायोजन हातातून यंत्राकडे सरकले, तरी जाणत्या माणसाची गरज संपलेली नाही.
२) गडचिरोलीतील श्वासमापक हे वापरणाऱ्याच्या ज्ञानाला अनुरूप साधन घडवण्याचे उल्लेखनीय उदाहरण आहे.
३) अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया योग्य प्रशिक्षण व देखरेख लाभल्यास जीवरक्षक उपकरण सुरक्षितपणे हाताळू शकतात. घरच्या घरी नवजात बालसेवेची ही पद्धती २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली.
४) नवे यंत्र पुरवणे म्हणजे सेवा पुरवणे नव्हे. ते जुळवून घेण्याचे ज्ञान रुग्ण व त्याच्या घरातील माणसांपर्यंत पोहोचले नाही, तर यंत्र कपाटात पडून राहते आणि श्वास मात्र पूर्वीसारखाच अडत राहतो.