गार हातपायांची साक्ष

मुखेड परिसरातल्या माळावर दगड उलथला आणि खाली विंचू निघाला, तर कुणाला नवल वाटत नाही. विंचू चावल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘किती दुखतंय?’ वैद्यकाच्या इतिहासात मात्र दुसराच प्रश्न मोलाचा ठरला: हातपाय ऊबदार आहेत की गार?

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. विल्यम हार्वे यांनी 1628 साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला. त्यांच्या पुराव्यांत दंडाला आवळलेली पट्टी होती. पट्टी घट्ट आवळली की मनगटाची नाडी लागत नाही आणि काही वेळाने हात गार पडू लागतो. रक्त आपल्याबरोबर उष्णताही वाहून नेते, त्याचाच हा परिणाम.

पण पट्टी न बांधताच हात गार पडले तर? डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे माणसे दगावत, त्यांत मुलेही असत. बावस्करांनी रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. उलटी, दरदरून घाम, लाळ सुटणे आणि गार हातपाय ही हृदयावरील संकटाची पूर्वसूचना आहे, असे त्यांनी 1982 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. नुसती तीव्र वेदना असून हातपाय ऊबदार असतील, तर धोका सहसा कमी असतो.

असे का व्हावे? विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात. हातपाय गार पडतात, पण रक्तदाब मात्र सुरुवातीला वाढलेला असू शकतो. या दाबाविरुद्ध झगडून हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठते. पूर्वी या अवस्थेला पोचलेल्या रुग्णांपैकी 25 ते 30 टक्के दगावत. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वापरले व 1986 साली ते अनुभव प्रसिद्ध केले. पुढे हे प्रमाण 1 टक्क्याच्या खाली आले. औषध कधी थांबवायचे, हेही हातपायच सांगत: ते ऊबदार व कोरडे होईपर्यंत मात्रा द्यायची.

थंडीत निरोगी माणसाचे हातही गार पडतात, तेव्हा ही खूण इतर लक्षणांबरोबरच वाचावी. विद्यार्थ्याला विंचू चावला तर लक्षणांची वाट न पाहता, दोरी न आवळता त्याला दवाखान्यात न्यावे. हातपाय गार पडले असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. आम्हाला वाटते, रक्ताभिसरणाच्या धड्यात हा इतिहास आवर्जून सांगावा.