घरगुती द्राक्षवेलीचे पीकसंरक्षण

परसात किंवा अंगणातील मांडवावर वाढवलेल्या द्राक्षवेलीचा किडी व रोगांपासून बचाव करण्याच्या पद्धतींना घरगुती द्राक्षवेलीचे पीकसंरक्षण म्हणतात. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधील खरड छाटणीने नव्या काड्या तयार होतात. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या फळछाटणीनंतर त्यांवर घड येतात. जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच जिल्ह्यातील जांब समर्थसारख्या गावात घरी लावलेल्या वेलीलाही हेच वेळापत्रक लागू पडते.

== प्रमुख रोग ==
* '''करपा''' : पावसाळ्यात कोवळ्या पानांवर व फुटींवर काळपट ठिपके पडतात. पानांवरील ठिपक्यांचा मधला भाग गळून छिद्रे दिसतात.
* '''केवडा''' : पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग व त्याखाली पांढरी बुरशी दिसते. फळछाटणीनंतर परतीचा पाऊस आल्यास फुलोऱ्यातील घड कुजतात. मूळचा उत्तर अमेरिकेतील हा रोग १८७८ मध्ये फ्रान्समध्ये आढळला. तेथे मिलार्दे यांनी त्यावर १८८५ मध्ये मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण प्रसिद्ध केले.
* '''भुरी''' : पाने व मण्यांवर राखेसारखा थर येतो आणि मणी तडकतात. या बुरशीला पानावर पाणी साचण्याची गरज नसते; त्यामुळे ढगाळ, कोरड्या हवेतही ती पसरते.

== प्रमुख किडी ==
* '''पिठ्या ढेकूण''' : ही कीड सैल सालीखाली लपते. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते व मुंग्या येतात.
* '''उडद्या भुंगेरा''' : छाटणीनंतर फुगणारे डोळे खातो.
* '''फुलकिडे''' : कोवळ्या मण्यांची साल खरवडतात, त्यामुळे मण्यांवर तपकिरी चट्टे पडतात.

== संरक्षणाचे उपाय ==
छाटलेल्या काड्या व गळलेली पाने लगेच गोळा करून नष्ट करावीत, कारण पुढील हंगामाचा संसर्ग त्यांतूनच होतो. छाटणीच्या वेळी खोडाची सैल साल काढावी. दाट फुटी विरळ कराव्यात. हवा खेळती राहिल्यास पाने लवकर सुकतात. पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी द्यावे. भुंगेरे सकाळी वेल हलवून खाली अंथरलेल्या कापडावर गोळा करता येतात.

एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ लिटर पाण्यास १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम चुना लागतो. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून एकत्र करतात आणि मिश्रण त्याच दिवशी वापरतात. त्यात बुडवलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा लागतो. भुरीवर पाण्यात मिसळणारे गंधक उपयुक्त असते. मात्र कडक उन्हात फवारल्यास पाने करपतात. किडींवर ५ टक्के निंबोळी अर्क वापरतात.

== खबरदारी ==
द्राक्ष सालीसकट खाल्ले जाते, त्यामुळे फवारणीचा अंश थेट पोटात जाऊ शकतो. फवारणी व काढणी यांत वेष्टनावर दिलेले अंतर पाळावे आणि फळे धुऊन खावीत. घड तयार होत असताना कागदी पिशवीने झाकल्यास पक्ष्यांपासूनही संरक्षण मिळते.