ड्रोनरोधी यंत्रणा

संरक्षित हवाई क्षेत्रात विनापरवाना शिरलेले ड्रोन हुडकून, त्याचा माग ठेवून ते निकामी करणारी यंत्रणा. डिसेंबर २०१८ मध्ये ड्रोन दिसल्याच्या वृत्तांमुळे लंडनचा गॅटविक विमानतळ बंद ठेवावा लागला. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. शोध हेच सर्वांत अवघड काम: लहान ड्रोनचा प्रतिध्वनी पक्ष्याएवढाच क्षीण असतो, म्हणून रडारच्या (पहा : रडार) जोडीला रेडिओलहरींचे संवेदक व अवरक्त कॅमेरे लागतात. नियंत्रण-संदेश रोखणे किंवा फसवे उपग्रह-संकेत देणे हा सौम्य उपाय, लेसरने (पहा : लेसर) जाळणे हा कठोर. प्रकाशीय तंतूने जोडलेल्या ड्रोनवर मात्र रेडिओ-अवरोध चालत नाही. डीआरडीओ या भारताच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या ‘डी-४’ प्रणालीत दोन्ही उपाय आहेत.