हक्कसोड : त्यागाची आणि कायद्याची परंपरा

भुकेच्या भरात मसुराच्या वरणासाठी एसावाने आपला ज्येष्ठत्वाचा हक्क विकला, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा आपल्या परिचयाची आहे. परंतु हक्क विकणे वेगळे आणि मिळत असलेला वारसा विधिपूर्वक नाकारणे वेगळे. या नकाराला दीर्घ इतिहास आहे. आपल्या घरोघरी होणाऱ्या हक्कसोडपत्रांचा विचार करताना तो ध्यानात घ्यावा, असे आम्हांस वाटते.

प्राचीन रोममध्ये मृताच्या मालमत्तेबरोबर त्याचे कर्जही वारसाच्या माथी येई आणि मालमत्ता अपुरी पडल्यास पदरचे भरावे लागे. पित्याच्या सत्तेखालील मुलांना तर मूळ कायद्याने नकाराची मुभाच नव्हती. पुढे 'प्रेटर' या न्यायाधिकाऱ्याने त्यांना वारशापासून अलिप्त राहण्याची सवलत दिली. 531 साली सम्राट जस्टिनियनने मालमत्तेची रीतसर यादी करणाऱ्या वारसाची जबाबदारी त्या मालमत्तेपुरतीच मर्यादित केली. म्हणजे वारसा नाकारण्याचा अधिकार जन्मास आला तो वैराग्यातून नव्हे, तर दुर्बळाच्या रक्षणासाठी.

वैराग्याचे उदाहरण संत अलॉयशियस गोन्झागा यांचे. 1568 साली इटलीतील कास्तिल्योने येथे जन्मलेले अलॉयशियस हे त्या जहागिरीचे मार्क्विस फेर्रांते यांचे थोरले पुत्र व वारस. येशूसंघात जाण्याचा त्यांचा निश्चय कळताच पिता संतप्त झाले आणि त्यांनी दीर्घकाळ विरोध केला. अखेर संमती मिळाली तरी काम संपले नव्हते. जहागीर साम्राज्याची असल्याने सम्राट रूडॉल्फ दुसरा याची मान्यता आवश्यक होती. ती मिळाल्यावर 2 नोव्हेंबर 1585 रोजी मांतुआ येथे धाकटे बंधू रोडोल्फो यांच्या नावे त्यागपत्रावर सही झाली. त्याच महिन्यात अलॉयशियस रोमला नॉव्हिशिएटमध्ये दाखल झाले. वय अवघे सतरा वर्षांचे.

या घटनेत तीन गोष्टी दिसतात. आपण काय सोडीत आहोत, हे अलॉयशियस यांना पूर्ण ठाऊक होते. सोडण्यासाठी कोणी दडपण आणले नव्हते. उलट सारे दडपण न सोडण्यासाठी होते. आणि सोडलेला हक्क कोणाकडे जाणार, हे दस्तऐवजात स्पष्ट होते.

याच स्वातंत्र्याची काळजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 साली घेतली होती. हुंडा वाचविण्यासाठी किंवा मालमत्ता अखंड राखण्यासाठी मुलींना मठात धाडण्याची चाल त्या काळी युरोपातील श्रीमंत घराण्यांत होती. परिषदेने ठरविले की व्रत घेण्यापूर्वी मुलीची खरी इच्छा बिशपने वा त्यांच्या प्रतिनिधीने तपासावी. आणि स्त्रीला बळाने मठात घालणाऱ्यांना धर्मबहिष्काराची शिक्षा सांगितली. सक्तीचा त्याग हा त्याग नव्हे, हे ख्रिस्तसभेने इतक्या कठोरपणे सांगितले आहे.

आता आपल्या अंगणात पाहू. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पिता वारला तर विधवेस एकतृतीयांश आणि उरलेली मालमत्ता मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांस समान मिळते. केरळमधील त्रावणकोरच्या ख्रिस्ती कन्यांना मात्र मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली निकाल देईपर्यंत या समानतेसाठी थांबावे लागले. आपल्याकडे कायदा आधीपासून समान. पण हक्कसोडपत्र बहुधा बहिणीपुढेच का ठेवले जाते?

त्या कागदाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. पिता हयात असताना मुलांकडे असते ती केवळ वारशाची आशा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार अशा आशेचे हस्तांतर होत नाही. हक्क पित्याच्या मृत्यूनंतर निर्माण होतो आणि तेव्हाच तो सोडता येतो. जमीन वा घर यांविषयीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. एकदा नोंदलेले पत्र केवळ मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक वा सक्ती झाली असल्यास न्यायालयात दाद मागावी लागते.

बहिणीने भावासाठी स्वखुशीने हक्क सोडला तर ती प्रीतीची थोर कृती आहे. परंतु शोकाच्या दिवसांत, न वाचता, 'माहेर तुटेल' या भीतीने केलेली सही एसावाच्या वरणाहूनही महाग पडते. एसावाला निदान आपण काय देतो, हे ठाऊक होते.

अलॉयशियस यांच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग बोलका आहे. 1589 साली सोल्फेरिनोच्या वारशावरून रोडोल्फो आणि मांतुआचे ड्यूक यांच्यात कलह पेटला, तेव्हा समेट घडविण्यासाठी अलॉयशियस यांनाच रोमहून बोलावण्यात आले, आणि तो त्यांनी घडविला. वारसा सोडलेला भाऊ घराला परका झाला नव्हता. मग सही करणारी बहीण, किंवा सही नाकारून आपला वाटा मागणारी बहीण, आपल्या घराला परकी का व्हावी?