वेरूळचा ‘रंगमहाल’ आणि करडा रंग

अलीकडे शहरांतील घरांच्या अंतर्भागास गडद करडा रंग देण्याची रुची वाढलेली दिसते. निळी वा पिवळी झाक नसलेला हा तटस्थ रंग खोलीस पाषाणाचे गांभीर्य देतो, असे त्याचे समर्थन केले जाते. महाराष्ट्रात पाषाणी अंतर्भागाचे सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे वेरूळची लेणी होत. परंतु त्यांचा करडेपणा त्यांच्या कर्त्यांना अभिप्रेत होता काय, हा प्रश्न आधी विचारणे अगत्याचे आहे.

वेरूळची 34 लेणी दख्खनच्या बेसाल्ट खडकात कोरलेली आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या या खडकास त्यातील लोहयुक्त खनिजांमुळे गडद करडा वर्ण आला आहे. सोळावे लेणे म्हणजे कैलास. त्याचे निर्माण राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला (इ. स. सुमारे 756–773) याच्याकडे दिले जाते. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. मंडपात येणारा प्रकाश मोजक्या द्वारांतून व गवाक्षांतून येतो, आणि उघडा पाषाण त्यातील बहुतांश गिळून टाकतो. असा अंतर्भाग तसाच ठेवण्याचा हेतू कर्त्यांचा नव्हता, हे अवशेषांवरून स्पष्ट होते. कैलासाच्या बाह्यांगावर पांढऱ्या गिलाव्याचे अवशेष आजही टिकून आहेत; मंडपाच्या छतावर चित्रांचे एकावर एक दिलेले थर आहेत; बत्तिसाव्या, म्हणजे ‘इंद्रसभा’ नामक जैन लेण्याच्या छतावरही चित्रे आढळतात. येथील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. गिलाव्याची एवढी काळजी घेणाऱ्यांना उघडा दगड हे काम संपल्याचे नव्हे, तर काम उरल्याचे लक्षण वाटत असले पाहिजे.

या अनुमानास भाषेचाही पुरावा मिळतो. कैलासाचे लोकप्रचलित नाव ‘रंगमहाल’ असे होते. जेम्स बर्जेस याने एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद केली आहे. ‘रंगमहाल’ म्हणजे केवळ विलासमंदिर, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु वेरूळची लोकनामे बहुधा डोळ्यांना दिसेल त्यावरून पडलेली आहेत. दहाव्या लेण्याच्या छतावर लाकडी वाशांप्रमाणे दगडी फासळ्या कोरल्या आहेत, म्हणून ती ‘सुताराची झोपडी’ झाली. अकराव्या लेण्याचा तळमजला गाळाखाली गाडलेला होता. तो 1876 साली उघडकीस आला, तरी ‘दोन ताल’ हे नाव कायम राहिले. तेव्हा ‘रंगमहाल’ हे नावही दिसणाऱ्या रंगावरूनच पडले असावे, हे अधिक संभवनीय होय. शिवाय ‘महाल’ हा शब्द मूळचा अरबी. तो लोकभाषेत रुळल्यानंतरच हे नाव पडू शकते. म्हणजे निर्मितीनंतर कित्येक शतके कैलास पाहणाऱ्यास रंगीत वाटत होता.

मराठीतील वर्णवाचक शब्दही लक्षणीय आहेत. ‘राखाडी’ राखेवरून, ‘धुरकट’ धुरावरून, ‘पारवा’ पारव्या पक्ष्यावरून आला. ‘करडा’ हा शब्द केसांच्या वर्णाप्रमाणेच नजरेच्या व शिस्तीच्या कठोरपणासही लागतो. परंतु बेसाल्टास यांपैकी एकही शब्द लावला जात नाही. तो ‘काळा दगड’च, ‘काळ्या दगडावरची रेघ’ हा वाक्प्रचार त्याचीच साक्ष देतो. गडद करडा हा वेगळा रंग म्हणून नव्हे, तर बांधकामाचे द्रव्य म्हणून ओळखला गेला.

घरबांधणीतही हीच दृष्टी होती. मराठी वाड्याचे जोते काळ्या दगडाचे व उघडे असे. आत मात्र चुन्याचा गिलावा आणि ऐपतीप्रमाणे चित्रे असत. मेणवली येथील नाना फडणविसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे आणि चांदवडचा होळकरांचा चित्रांकित रंगमहाल ही त्याची उदाहरणे होत. दगड भार वाही, चुना उजेड देई आणि रंग घरास घरपण आणी.

ग्रीक मंदिरे मुळात रंगीत होती. तथापि रंग झडल्यावर उरलेली संगमरवराची शुभ्रता हाच युरोपने दीर्घकाळ आदर्श मानला. वेरूळच्या करडेपणाविषयी तशीच समजूत होऊ देणे केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. उघडा दगड हेच मूळ रूप मानले, तर काजळी व धूळ यांखाली दबलेला गिलाव्याचा प्रत्येक तुकडा मळ ठरेल, आणि साफसफाईत अखेरचा पुरावाही नष्ट होईल. आजच्या गृहस्थाने आपल्या भिंतीस गडद करडा रंग अवश्य द्यावा. ती त्याची आवड होय. मात्र त्यास वेरूळच्या शिल्पकारांचा आधार सांगता येणार नाही. त्यांनी करडा रंग निवडला नव्हता. तो त्यांना खडकातून लाभला, त्यांनी तो झाकला, आणि काळाने तो पुन्हा उघडा केला.